माईला उपास घडवणारे साहेब

आमच्या घरी येणारा पाहुणा पुढच्या दाराने येतो, चपला काढतो, देवाच्या फोटोला हात जोडतो आणि पाण्याची वाट पाहत बसतो. साहेब मागच्या दाराने येत. चपला काढायच्या आधी ते मोरीजवळच्या बादलीचं झाकण उचलत, आत डोकावून एकदा हुंगत आणि झाकण हातात तसंच धरून म्हणत, "बाई, दाबून ठेवलं का फुगते."

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला आणि घाबरून आत पळाले. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "भिऊ नको व, शेजारचे साहेब आहेत. चहा ठेव." चहा घेताना ते माझ्या शिक्षणाबद्दल काही बोलले नाहीत, माहेरच्या माणसांबद्दल विचारलं नाही. कालचा वरणभात कोणी टाकला, एवढंच विचारलं.

साहेब म्हणजे आमच्या नगरपालिकेचे सफाईचे इन्स्पेक्टर. गावाचं नाव मी सांगत नाही. बालाघाटहून वारासिवनीकडे निघालं की वाटेत कुठेतरी आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर एका माणसाच्या पोटावर पाय येईल, आणि तो माणूस तसा वाईट नाही.

उंच, खांद्यात जरा वाकलेले, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो शर्ट घालून हा माणूस दिवसभर उकिरडे तुडवत फिरे. लुनाच्या मागे लोखंडी टोकाची एक काठी बांधलेली असे. कचऱ्याचा ढीग दिसला की लुना थांबे, काठी ढिगात जाई, बाहेर येई आणि साहेबांच्या नाकाशी जाई. माणसं मिठाईच्या दुकानापुढे रेंगाळतात तसे ते उकिरड्यापुढे रेंगाळत. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत. घरात मराठी, ऑफिसात हिंदी आणि राग आला की दोन्ही एकदम.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवून वाट पाहत. "अवो, ऐकता का? पाणी निवून राह्यलं," ही त्यांची संध्याकाळची हाक भिंतीपलीकडून आमच्याकडे ऐकू येई. आंघोळ झाल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही, हा त्यांच्या संसाराचा पहिला कायदा. साहेबांनी तो कधी मोडला नाही. बाकी कायद्यांच्या बाबतीत मात्र गावाने साहेबांना फार छळलं.

आता त्या खदानीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून हा माणूस कळायचा नाही. गावाबाहेर मुरमाची एक जुनी खदान होती. साहेब नोकरीत नवे असताना गावाचा कचरा नाल्याच्या काठाने पडे आणि डुकरं तो घरोघरी परत आणून पोचवत. साहेबांनी ही खदान शोधली. कचऱ्याचा थर, त्यावर मुरूम, त्यावर रोलर, पुन्हा कचरा, असं करत त्यांनी ती अशी नीटनेटकी भरली की बाहेरगावचे अधिकारी येऊन विचारत, तुमच्या गावचा कचरा जातो तरी कुठे? साहेब पायाखालची जमीन काठीने ठोकून दाखवत. नोकरीतला तो त्यांचा सगळ्यात सुखाचा काळ असावा.

मग एका उन्हाळ्यात गाई राखणारा एक माणूस त्या सपाट जमिनीवर विडी पेटवायला बसला. जमिनीला भेग होती. काडी ओढली आणि भस्सकन जाळ आला. माणूस वाचला, पण भिवया गेल्या आणि अर्धी मिशी गेली. गाव महिनाभर त्या अर्ध्या मिशीला हसलं. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन गेले, प्रत्येक भेग हुंगून आले आणि आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसले. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मी म्हटलं, "साहेब, हा तर दलदलीतला वायू. मिथेन. आठवीच्या पुस्तकात आहे."

"हौ, तोच. ट्रेनिंगले असताना मी बी वाचलतो," ते म्हणाले. "कोबी, भात, पत्रावळी, सारं ओलं मातीखाली कोंडलं. हवा नाई. आतल्या आत सडून गॅस होऊन राह्यला. अन् कोंडलं कोनं? म्याच कोंडलं जी."

त्या दिवसापासून त्यांच्या सुखाला नख लागलं. खदानीला लागून राइस मिलमध्ये मजुरी करणाऱ्यांची वस्ती होती. उन्हाळ्यात खदान आतून धुमसायची आणि तो धूर सगळा वस्तीवर जायचा. पोरं खोकत. तिथली एक म्हातारी, तिला सगळे खदानीची आजी म्हणत, साहेबांची लुना दिसली की रस्त्यात आडवी उभी राही. "साहेब, तुमी झाकलं अन् आमी खोकलून राह्यलो." साहेब मान खाली घालून ऐकून घेत. त्यांना उत्तर देता आलं असतं, की हे सगळ्या गावाचं आहे, माझ्या एकट्याचं नाही. पण ते त्यांना कधी सुचलं नाही आणि काकूंनी सुचवलं तर ते चिडत.

दोन हजार सालाच्या आगेमागे दिल्लीहून नियम आला. ओला कचरा वेगळा गोळा करायचा, त्याचं खत करायचं, खड्ड्यात पुरायचा नाही. साहेबांना वाटलं, आपल्या मनातलं ओळखून कोणीतरी कायदा केला. त्या कागदाची घडी खिशात घालून ते गावभर फिरले. ज्याला वाचता येत होतं त्याला वाचायला लावलं आणि ज्याला येत नव्हतं त्याला वाचून दाखवलं. पालिकेतल्या एका सदस्याने कागद परत देत म्हटलं, "साहब, कचरा है, बिटिया की शादी थोड़े ही है. हो जाएगा."

सुरुवात आमच्या गल्लीपासून झाली. प्रत्येक दारात दोन बादल्या, एक ओल्याची, एक वाळल्याची. आठ दिवसांत साहेबांची काठी आमच्या वाळल्या बादलीत शिरली आणि गाठ मारलेली प्लास्टिकच्या पन्नीची एक थैली घेऊन बाहेर आली. थैलीत कुजलेली झेंडूची फुलं. साहेबांनी विचारलं, "हे ओलं आहे का वाळलं?"

सासूबाई पदर खोचून बाहेर आल्या. "मंग काय देवाच्या डोक्यावरचं फूल खरकट्यात टाकू? हा नियम ज्यानं लिवला त्याच्या घरी देव नाईत का जी?"

साहेबांनी वाद घातला. सगळं एकाच मातीत जातं, माती भेद करत नाही, वगैरे. सासूबाईंनी त्यांना बिस्किट वाढलं आणि मुद्दा सोडला नाही. उष्टं आणि निर्माल्य एका भांड्यात पडणार नाही म्हणजे नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्या बाजूने होत्या, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. साहेब हरले. दुसऱ्या दिवशी मात्र तेलाचे धुतलेले डबे घेऊन आले. प्रत्येक डब्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. "घ्या, हा देवाचा डबा. याच्यात खरकटं नाई पडणार, माह्यी जबाबदारी."

तुम्हांला हसू येईल, पण आमच्या गल्लीत तिसरा डबा सगळ्यात आधी भरू लागला. निर्माल्यात नारळाची शेंडी जाते, मग विड्याचं पान का नको? प्रसादाच्या केळ्याची साल जाते, मग नुसत्या केळ्याची का नको? पुढे सासूबाई कोथिंबिरीच्या काड्याही देवाच्या डब्यात टाकू लागल्या, कारण त्या कोणी उष्ट्या केलेल्या नव्हत्या. साहेब झाकण उचलून पाहत आणि म्हणत, "टाका जी, टाका. भाजी बी देवाचीच."

पण गल्लीचा कचरा तो केवढा. खरा डोंगर भाजी मंडीत निघायचा. कोबीचा पाला, फुटके टमाटर, केळीचे दांडे, ट्रॉल्या भरभरून खदानीत जात. मंडीमागे खताचे टाके बांधा म्हणून साहेब मागे लागले होते, पण टाक्यांचा विषय निघाला की सदस्यांना घरची कामं आठवत. मग साहेबांनी एक युक्ती केली. माझ्या मते त्यांची सगळ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार युक्ती, आणि तीच त्यांना नडली.

त्यांनी खदानीत खोलवर एक लोखंडी पाइप ठोकवला. वरच्या तोंडाला चावीचा नळ बसवला आणि एका दुपारी सदस्यांना, मंडीच्या व्यापाऱ्यांना आणि आम्हां शिक्षकांना तिथे बोलावलं. मी आठवीच्या मुली घेऊन गेले. साहेबांनी चावी फिरवली, काडी ओढली. काही दिसलं नाही. नियमाचा कागद परत देणारा तोच सदस्य म्हणाला, "साहब, आग कहाँ है?" साहेबांनी पाइपाच्या तोंडावर कागद धरला. कागद भुर्रकन जळून गेला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. उन्हात ती जोत दिसत नव्हती एवढंच. आम्ही थांबलो, आणि दिवस कलला तशी ती दिसू लागली, निळी, टोकाला पिवळी, वीतभर उंच. खरं सांगते, सुंदर होती.

साहेब बोलायला उभे राहिले. "हे तुमच्याच घरचं आहे. तुमी फेकलेल्या भाजीतून निंगून राह्यलं. आज इथं जळते म्हणून दिसते. बाकी सारा गॅस आपल्या नाकासमोरून वर चालला, अन् तिकडं जाऊन साऱ्या जगाची हवा तापवते." ते फार छान बोलत होते. एवढ्यात खदानीची आजी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. तिने घागर खाली ठेवली, जोतीकडे पाहिलं आणि जमिनीला डोकं टेकलं.

"माई आली," ती म्हणाली.

"आजी, माई नाई, गॅस आहे."

"तुमच्या मनानं गॅस, आमच्या मनानं माई. लावली तं तुमीच ना?"

पालिकेचे अध्यक्ष त्या दिवशी बालाघाटला गेले होते. त्यांना सकाळी दाखवू म्हणून साहेबांनी जोत तशीच ठेवली. त्यांची चूक म्हणाल तर एवढीच. सकाळी ते अध्यक्षांना घेऊन आले तेव्हा पाइपाला शेंदूर लागला होता, पुढे नारळ फुटला होता आणि नळाच्या चावीला लाल चुनरी बांधलेली होती. आता चावी फिरवायची तर आधी माईची चुनरी सोडावी लागणार होती. अध्यक्षांनी आधी चपला काढल्या आणि मग साहेबांकडे पाहिलं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नारळ घेऊन गेल्या.

महिन्याभरात जोतीवर टिनाचं छप्पर आलं. 'आग कहाँ है' विचारणाऱ्या सदस्यानेच ते पुढाकार घेऊन बांधलं. हट्टा गावाकडचा एक माणूस राइस मिलमधलं काम सुटल्यापासून रिकामा होता, तो पुजारी म्हणून येऊन बसला. नवरात्रात रांगा लागल्या. आणि नारळाच्या करवंट्या, हार, शिऱ्याच्या पत्रावळी, सगळं छपराच्या मागच्या बाजूने खदानीत जाऊ लागलं. साहेब रांगेपाशी जाऊन हात जोडून सांगत, "अरे भाऊ, ही तुमच्या सडक्या टमाटरची वाफ आहे." रांगेतला एक जण तितक्याच आदराने म्हणाला, "साहब, सब माई की लीला है. टमाटर भी."

एका सकाळी साहेब मोठा पाना हातात घेऊन खदानीकडे जाताना मला दिसले. तासाभराने आमच्या पायरीवर येऊन बसले. पाना हातातच होता.

"बंद केला का?" मी विचारलं.

"आजीनं हात धरला माह्या," ते म्हणाले. "म्हणे, इतकी वर्सं आमी खोकलो तवा कोनी आलं नाई. माई आली तं रस्ता झाला, रोज पानी शिंपून राह्यले, धूर बसला. नातवाचा खोकला गेला. आता तुमी माईले नेता का?" त्यांनी पाना पायरीवर ठेवला. "अन् बंद करून बी काय होते जी? गॅस दुसरीकडून निंगन. तसाच सुटला तं जास्त वाईट. जळते तेच बरं."

"मग आता?"

"आता एकच उपाय. माईले उपास घडवाचा. खाले नाई भेटलं तं आपोआप विझन. जवा विझन तवा समजीन का माह्यं पाप फिटलं." मग उठता उठता म्हणाले, "तोवर त्या मांडवात पाय नाई ठेवत."

असे हट्ट माणसाने करू नयेत असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र ते बोलणं त्यांना फार शोभून दिसलं होतं.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. 'माई को भूखा मारने वाले साहब' हे नाव त्यांना तेव्हा पडलं. पण गंमत पाहा, माईनेच त्यांना मदत केली. सडक्या भाजीच्या ट्रॉल्या खदानीत येत तेव्हा रांगेतले भक्त नाकाला रुमाल लावत. साहेब मंडीत जाऊन व्यापाऱ्यांना म्हणाले, "माईच्या दारात सडकं नेता, लाज नाही वाटत?" जे नियमाने झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. मंडीमागे विटांचे जाळीदार टाके बांधले गेले आणि ट्रॉल्या तिकडे वळल्या. त्याच जोरावर साहेबांनी देवळामागे निर्माल्याचाही एक टाका बांधून घेतला. एवढं करूनही त्यांना भरवसा नव्हता. उजाडताच ते मंडीच्या फाटकावर जाऊन उभे राहत आणि ट्रॉली कुठे वळते ते पाहत.

पहिलं खत निघालं तेव्हा ते रुमालात बांधून आमच्याकडे आले. काळंभोर, मोकळं, वास नुसता मातीचा. "हुंगा जी, हुंगा. येते का वास?" गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी हुंगायला लावलं. सासूबाईंनी आधी विचारलं, कोणत्या डब्याचं? देवाच्या, असं साहेबांनी शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे ते तुळशीला पडलं. त्या दिवसाचा साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. इस्त्रीच्या शर्टाला काळे डाग पडले होते आणि काकूंनी हाक मारून मारून पाणी दोनदा तापवलं होतं.

मग ते रिटायर झाले. काठी ऑफिसला परत केली नाही, ती घेऊन रोज संध्याकाळी फिरायला निघत. बालाघाटच्या रस्त्यावर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, आहे. तिथून शेतापलीकडे माईचं छप्पर दिसतं. पुलियावर उभे राहून ते अंधार पडायची वाट पाहत, जोत दिसली की वळत आणि आमच्या मागच्या दाराशी येऊन सांगत, "जळून राह्यली."

आधी यात थट्टा असे. काकू म्हणत, "सवत आली माह्यी, ते बी पाइपातून." आम्ही हसत असू. पण पावसाळे गेले, जोत तशीच राहिली आणि थट्टा संपली. साहेबांचा हिशेब जुळत नव्हता. खाणं बंद केलं आहे तर जळतं कसं? याचा अर्थ कोणीतरी चोरून खाऊ घालत आहे. ते मंडीत जाऊन भांडू लागले. नवा इन्स्पेक्टर त्यांना चहा पाजून कंटाळला. एक ट्रॉलीवाला होता, साहेबांच्याच हाताखाली तयार झालेला, टाक्याशिवाय कुठे माल टाकणार नाही असा. साहेबांनी त्याला चार लोकांत विचारलं, "खरं सांग, खदानीत किती टाकतोस?" त्यानंतर त्याने साहेबांना नमस्कार करणंही सोडलं.

एके दिवशी त्यांनी आमच्या ओल्या बादलीचं झाकण उचललं, मग वाळल्या बादलीचं उचललं, आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तीन तीन भांडी सांभाळून माझ्यावर संशय. मला राग आला. पण रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाने सगळ्या गावाला सांगितलं की दाबून ठेवलं की फुगतं, तो स्वतः आतल्या आत फुगत चालला होता आणि त्याला कुठे नळ नव्हता.

शेवटच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं धूर आणि धूळ खाल्ली, त्याचं हे. पुलियापर्यंत जाणं संपलं. मी बालाघाटहून बसने येताना पुलियावरून येत असे, हे त्यांना ठाऊक होतं. मी भेटायला गेले की विचारत, "दिसली का?"

"दिसली."

"मोठी का लहान?"

मी पाहिलं होतं तेच सांगितलं. "तेवढीच."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मंग माह्यानं काईच नाई झालं जी."

काकू उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, गावाला खत मिळालं, वस्तीतली पोरं खोकत नाहीत, हे काय कमी आहे? होळीच्या आधी ते गेले. स्मशानात गर्दी बरी होती. तो ट्रॉलीवालाही आला होता, लांब उभा होता.

त्या वर्षीच्या नवरात्रात सासूबाईंनी गुडघ्यांसाठी नवस बोलला आणि त्यांना घेऊन मी माईकडे गेले. साहेबांच्या हट्टामुळे म्हणा, इतकी वर्षं मी तिथे गेलेच नव्हते. संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती. गर्दी अजून जमायची होती. एकाएकी जोत थरथरली, बसत गेली आणि विझली. पुजारी जराही घाबरला नाही. पडद्यामागे गेला. मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. हा आवाज तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला आहे, मी तो कुठेही ओळखेन. मी उठून मागे गेले.

लाल सिलिंडर होतं. पुजारी त्याला रेग्युलेटर लावत होता. रबराची नळी पाइपाच्या बुडाशी गेलेली. मला पाहून त्याचे हात थांबले आणि त्याने ते जोडले.

"कब से?" मी विचारलं.

"बाईजी, मंडी का माल बंद हुआ, उसके दो-तीन बरसात बाद माई धीरे-धीरे छोटी होती गई. फिर सो गई. मैं क्या करता? बाल-बच्चे हैं."

म्हणजे साहेब रिटायर व्हायच्याही आधी. म्हणजे पुलियावरून त्यांनी एकदाही खरी जोत पाहिली नव्हती. माझ्या तोंडून जरा मोठ्याने निघालं, "साहब को क्यों नहीं बताया?"

"वो आए ही नहीं," पुजारी म्हणाला. "रोज पुलिया तक आते थे. मैं यहाँ से देखता था, लाठी लेकर खड़े हैं. सोचता था आज आएँगे. आते तो उनसे नहीं छिपाता. वो वहीं से लौट जाते थे."

सासूबाई पुढे जप करत बसल्या होत्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. काकूंना सांगायचं की नाही, हा विचार करत मी दोन दिवस काढले. मग सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, फक्त तांदळातले खडे तांदळातच राहू लागले.

"मंग ते जिंकलते," त्या म्हणाल्या.

"हौ."

"अन् मी त्यांले समजावून राह्यलती, खत भेटलं, हे भेटलं." सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "चाल."

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलत होता. पुजाऱ्याने काकूंना ओळखलं आणि उठून उभा राहिला. त्याला वाटलं आता भांडण होणार. काकू म्हणाल्या, "एक डाव बंद कर, बाबा." तो मागे गेला. जोत खाली आली, पाइपाच्या तोंडावर क्षणभर रेंगाळली आणि गेली.

काकूंनी पाइपाच्या तोंडावर तळहात धरला. मग वाकून हुंगलं, अगदी साहेब बादली हुंगत तसं. "सडक्याचा वासच नाई व," त्या मला म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, अंधारल्या शेतांकडे, पुलियाच्या दिशेने तोंड केलं आणि ज्या आवाजात त्या रोज संध्याकाळी गरम पाण्यासाठी हाक मारत, त्याच आवाजात म्हणाल्या,

"अवो, ऐकता का? विझली."

थोडा वेळ आम्ही तिथे उभ्या राहिलो. वस्तीकडून खदानीची आजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आरतीला येत होती. काकूंनी ते पाहिलं आणि पुजाऱ्याच्या हातातली काडीपेटी स्वतः घेतली. "सोड बाबा गॅस," त्या म्हणाल्या, "माणसं येऊन राह्यली."

परत येताना पुलियावर त्या थांबल्या नाहीत. मी मात्र वळून पाहिलं. जोत दिसत होती, तेवढीच.